मी पाडलेला लेथचा भाव

दर गुरुवारी आमच्या भागात दिवसभर लाईट नसते. त्यामुळे गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास पिंपरी पेंढारच्या रस्त्याला माझ्या शेडसमोर चार-सहा मोटारसायकली लागतात आणि प्रत्येकाच्या हँडलला एक पिशवी लटकलेली असते. पिशवीत काय आहे ते विचारायचं नाही. आठवड्यात ज्याने नवीन हत्यार घेतलं असेल तो ते बाहेर काढून गोणपाटावर ठेवतो आणि गप्प बसतो. बाकीच्यांनी ते उचलायचं, वजन बघायचं, नखाने रंग खरवडायचा आणि एकेकाने आपल्या मते किंमत सांगायची. सगळ्यांचं सांगून झालं की मालक खरी किंमत सांगतो आणि चहा पाजतो. विजेवरचं हत्यार असेल तर ते चालवून बघता येत नाही, कारण लाईट नसते. याची आजवर कोणी तक्रार केलेली नाही. चालवून बघितलं की अर्ध्या गप्पा तिथेच संपल्या असत्या.

या सभेत शेवटचा शब्द माझा असे. मालकाने किंमत सांगितली की सगळे माझ्याकडे बघत. मी चहाचा घोट घेऊन म्हणे, "फसलात." मग ते हत्यार मला कितीला मिळालं असतं, ते मी सांगे. आळेफाट्याचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक आमच्यात आहे. तो सगळी खरेदी मोबाईलवरून करतो, खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढतो आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. त्याला मी इतक्या वेळा फसलेला ठरवलं होतं की तो माझ्यासमोर किंमत सांगताना आपोआप दोनशे रुपये कमी सांगू लागला. मला ते कळत असे, कारण मी स्वतः चारशे कमी सांगायचो.

हा माझा स्वभाव कुठून आला ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना दया येण्याची थोडी तरी शक्यता राहील. मी धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक बारा-तेराचा पाना, पंक्चरचं सामान आणि बायकोच्या माहेरचं एक स्टूल होतं. पुढचं प्रत्येक हत्यार मी घासाघीस करून आणलेलं आहे. दुकानदाराने पहिल्या झटक्यात भाव कमी केला तर मला रात्रभर वाटत राहायचं की अजून उतरला असता. रागाचंही तेच. एकदा पन्नास रुपयांवरून वाद होऊन मी अर्धं बांधून झालेलं ड्रिल मशीन काउंटरवर सोडून निघून आलो, आणि पुढचे चार महिने भोकं पाडायला दुसऱ्याच्या दारात जात राहिलो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी आजवर सहा वेळा सोडला आहे. ट्रॅक्टरवाला ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. तो दोन तास थांबतो आणि मला परत घेतो. मी परत घेतलं जाण्याची वाट बघत मोबाईल हातात धरून बसलेला असतो, हे त्याला माहीत नसावं अशी माझी आशा आहे.

आता लेथचं.

माझ्याकडे रोटाव्हेटरची आणि पंपांची कामं जास्त येतात. शाफ्ट झिजला की तो वेल्डिंगने भरून पुन्हा गोल कातावा लागतो आणि त्यासाठी लेथ लागते. माझ्याकडे ती नव्हती. मी शाफ्ट नारायणगावला पाठवायचो, तिथला टर्नर आज देतो, उद्या देतो करायचा, आणि इकडे शेतकरी माझ्या शेडसमोर उभा राहून आकाशाकडे बघत मला बोलायचा. स्वतःची लेथ असावी हे एकच मागणं मी इतकी वर्षं केलं असेल. भीमाशंकरला गेलो तेव्हाही तेच मागितलं. तिथेसुद्धा मी नारळ फोडीन म्हणालो होतो, पेढे कबूल केले नव्हते.

मग कळलं की लोणीला एक म्हातारा टर्नर दुकान बंद करतोय. डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा पुण्यात नोकरीला. साडेचार फुटी लेथ, पस्तीस वर्षं एका हाताखाली चाललेली. मी एका रविवारी मंचरवरून लोणीला गेलो. शेडमध्ये शिरलो आणि मला कळलं की हीच ती. लोखंड तेलाने काळंभोर झालेलं होतं, पण गंजाचा एक ठिपका नाही. चाकं बोटाने फिरत होती. मी तोंड शक्य तितकं वाईट केलं.

"किती म्हणता?"

"नव्वद हजार," म्हातारा म्हणाला.

खरं सांगायचं तर नव्वद हा वाजवी भाव होता. मी हसलो, मान हलवली आणि म्हणालो, "बाबा, मशीन पार थकलंय."

पुढे मी अकरा रविवार लोणीला गेलो. माझी पद्धत अशी की भाव कमी करा असं मी कधी म्हणत नाही. मी फक्त दोष काढतो. एका रविवारी बेड झिजलाय म्हणालो. पुढच्या रविवारी टेलस्टॉक, म्हणजे कामाला मागून टेकू देणारा भाग, सरळ नाही म्हणालो. म्हातारा वाद घालत नसे. तो मशीनजवळ यायचा, हाताने चाचपायचा आणि म्हणायचा, "हाताला तर काय जाणवत न्हाई बा. पन तुमी म्हनता तर असंल." मग आम्ही जेवायला बसायचो. म्हातारी मटकीची उसळ फार चांगली करायची. मी दोन वेळा वाढून घ्यायचो, हात धुवायचो आणि पुन्हा टेलस्टॉककडे संशयाने बघायचो.

नवव्या रविवारच्या आधी मी एक डायल गेज विकत घेतलं. घड्याळासारखी तबकडी, तिला एक बारीक टोक. टोक फिरत्या भागाला टेकवलं की तो भाग केसभर जरी हलला तरी काटा दाखवतो. खाली लोहचुंबकाचा ठोकळा असतो आणि त्याला खटका. खटका पूर्ण फिरवला की ठोकळा लोखंडाला घट्ट धरतो. हे गेज मी गुरुवारी गोणपाटावर ठेवलं होतं, किंमत नेहमीप्रमाणे चारशेने कमी सांगितली होती आणि कशाला घेतलं ते सांगितलं नव्हतं.

लोणीला जाऊन मी ते लेथवर बसवलं आणि खटका अर्धाच फिरवला. ठोकळा सैल राहिला. चक, म्हणजे काम पकडून फिरणारा गोल जबडा, हाताने फिरवलं तसा काटा थरथरायला लागला. हेडस्टॉक, म्हणजे मशीनचं सगळं काम ज्याच्यावर चालतं ते डोकं, हलतंय असं दिसावं म्हणून केलेली ती युक्ती होती. मला तेव्हा ती फार हुशारीची वाटली होती. म्हाताऱ्याला काटा दिसत नव्हता. त्याने डोळे बारीक करून तबकडीजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "हलतंय का?"

"लई हलतंय," मी म्हणालो.

तो बराच वेळ चकवर हात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी त्याने भावाचं काही बोलणं काढलं नाही. मी मनात म्हटलं, आता पिकलं. अकराव्या रविवारी मी बासष्ट हजार म्हणालो. तो म्हणाला, बघू. मी गुरुवारी सगळ्यांना सांगून टाकलं की लेथ बासष्टला पक्की झाली, अजून दोन हजार उतरवतो आणि उचलतो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी शेठ आले. शेठचं नारायणगावात कापडाचं दुकान आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि मी चिडलो की जास्तच शुद्ध बोलतात. त्यांना जुनी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करण्याचा नाद आहे. आमच्यात तेच एक असे आहेत की ज्यांना हत्याराने पोट भरायचं नाही, आणि तेच एक असे की जे सांगेल तो भाव देऊन येतात. एकदा मी त्यांना यावर छेडलं होतं. ते म्हणाले, "मिस्त्री, दिवसभर दुकानात तुमच्यासारखी माणसं माझ्याशी घासाघीस करतात. हौसेत तरी मला सुट्टी द्या."

त्या गुरुवारी शेठकडे पिशवी नव्हती. त्यांनी मोबाईल गोणपाटावर ठेवला. मोबाईलवर फोटो होता. फोटोत लोणीची लेथ शेठच्या दुकानामागच्या खोलीत उभी होती आणि तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

"सांगा किंमत," ट्रॅक्टरवाला हळूच म्हणाला.

मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. साडेचार फुटी लेथवर घड्याळाचं चाक कातणार म्हणजे मुंगीला नांगर, असं काहीतरी म्हणालो. पैसेवाल्यांनी बाजार नासवला असं म्हणालो. शेठ मध्येच म्हणाले, "अहो, भाव तर ऐका, त्यात एक गंमत झाली."

"मला भाव ऐकायचा नाही," मी ओरडलो. "नव्वद मोजून आला असाल. तुमच्या तोंडून आकडा ऐकला तर माझं डोकं फुटेल." आणि मी ग्रुप सोडला. माणसं समोरच बसली होती, तरी मी मोबाईल काढून त्यांच्यादेखत ग्रुप सोडला. ती चौथी वेळ.

पुढचं दीड वर्ष मी हे दुखणं जपलं. शेठने हत्यार आणलं की मी त्याला हात लावायचो नाही. शेठने त्या लेथवर पितळेचा भोवरा कातून आणला, तेव्हा मी म्हणालो, "छान. पुढच्या महिन्यात गोट्या करा." घरी बायको म्हणायची, "त्यांनी पैसे दिले, त्यांनी घेतली. तुमी अकरा रविवार काय केलं?" मी तिला सांगायचो की तुला धंद्यातलं कळत नाही. शाफ्ट नारायणगावच्या त्या टर्नरकडेच जात राहिले. शेठ दोनदा म्हणाले की लेथ रिकामीच असते, तुमची कामं आणा. मी म्हणालो, मी उपकार घेत नाही.

मग या पावसाळ्यानंतर एका गुरुवारी शेठ स्कूटरवर आले आणि मागे लोणीचा म्हातारा बसला होता. शेठला आटे पाडायला शिकायचे होते म्हणून त्यांनी त्याला दोन दिवस घरी आणलं होतं. म्हातारा उतरला, शेडमध्ये आला, आणि मी ट्रॅक्टरवाल्याला नवीन पकडीबद्दल फसलात म्हणत होतो तेवढ्यात थांबला.

"हा आवाज वळखला मी," तो म्हणाला. "मिस्त्री ना तुमी? त्या टायमाला डोळ्याला धड दिसत नव्हतं. आता ऑपरेशन झालंय. आज तोंड बघितलं तुमचं."

त्याने माझे दोन्ही हात धरले. सगळ्यांकडे वळून म्हणाला, "या मानसाचे लई उपकार हाईत माझ्यावर."

मला वाटलं उसळीचं काही असेल.

"मी मशीन नव्वदला इकायला निघालो व्हतो," म्हातारा म्हणाला. "या मिस्त्रीनी गेज लावून दाखवलं, डोकं हलतंय म्हनून. पदरचं पेट्रोल जाळून दर ऐतवारी यायचे, आन एकेक दोष सांगायचे. म्हनलं, जो मानूस एवढं खरं बोलतो, ज्याचं पोट त्या मशीनवर, त्याच्या गळ्यात हे कसं मारायचं? तेवढ्यात हे शेठ आलं. हौशी मानूस. त्यांना म्हनलं, मशीन झिजल्यालं हाय, पंचावन्न द्या आन घेऊन जा."

"मी नव्वदच देत होतो," शेठ म्हणाले. "यांनी घेतले नाहीत. तेच तुम्हाला सांगत होतो त्या दिवशी."

ट्रॅक्टरवाल्याने नवीन पकड गोणपाटावर ठेवली.

"थांबा हां मिस्त्री," तो म्हणाला. "तुमी बासष्ट म्हनत व्हता. म्हंजे अकरा रविवार लोणीला जाऊन शेठसाठी पंचावन्नला उतरवून दिली. जेवन धरून नफा-तोटा बघावा लागंल." मग चहाचा घोट घेऊन, माझ्याच सुरात म्हणाला, "फसलात."

ते हसले. मीही हसलो असतो, कारण त्यात खोट काढायला जागाच नव्हती. पण म्हातारा हसत नव्हता. त्याला विनोद कळला नव्हता. तो आपले हात बघत होता.

"डोळे आले परत," तो म्हणाला. "मंचरच्या एका कारखान्यातनं दोनदा बोलावनं आलं, कारागीर न्हाई मिळत म्हनून. न्हाई गेलो. मशीनचं डोकं हलत व्हतं आन माझ्या हाताला कळलं न्हाई. शेवटची कैक वर्सं कुनाकुनाला वाकडे शाफ्ट दिले असतील, देवाला ठावं. डोळ्याचं ऑपरेशन हाय. हाताचं काय हाय?"

मला कबुली देता येत नाही. मला भांडता येतं. म्हणून मी म्हाताऱ्यावर ओरडलो. "काय झालं नाही तुमच्या हाताला. काय झालं नाही मशीनला. माझा खटका अर्धा होता."

कोणालाच काही समजलं नाही. मी पुन्हा ओरडलो, "खटका, बाबा. मुद्दाम सैल ठेवला होता. भाव पाडायला."

ट्रॅक्टरवाल्याला आधी समजलं. त्याने मान खाली घातली. शेठ म्हणाले, "मिस्त्री, ते गेज घ्या आणि चला."

नारायणगावला शेठच्या मागच्या खोलीतही लाईट नव्हती, पण चक हाताने फिरवायला लाईट लागत नाही. मी गेज बसवलं आणि खटका पूर्ण फिरवला. म्हाताऱ्याने स्वतः चक फिरवलं. काटा जागचा हलला म्हणायचा इतकाच हलला. मग त्याने मला बाजूला केलं, स्वतःच्या बोटाने खटका अर्धा केला आणि चक फिरवलं. काटा थरथरला. पुन्हा पूर्ण. पुन्हा अर्धा. त्याने हे पाच-सहा वेळा केलं. मी खिडकीतून कापडाचे गठ्ठे बघत राहिलो. मला वाटत होतं त्याने शिवी द्यावी. शिवीला मला उत्तर देता आलं असतं.

"तुमी माज्या घरी जेवला व्हता," तो म्हणाला.

एवढंच. मी हो म्हणालो.

शेठने तेवढ्यात कपाटाला हात घातला आणि म्हणाले की उरलेले पस्तीस आत्ता देतो. इथे मला माझी एक गोष्ट लिहिली पाहिजे. माझं तोंड उघडलं. दीड वर्षापूर्वी झालेल्या सौद्यात कोणी फरक देतं का, पस्तीस कशाला, फार तर वीस, असं मी म्हणणार होतो. दुसऱ्याच्या पैशात, दुसऱ्याच्या सौद्यात, त्या खोलीत, त्या वेळी. ट्रॅक्टरवाल्याने माझ्या पायावर पाय ठेवला म्हणून मी वाचलो.

म्हाताऱ्यानेच शेठना थांबवलं. "तुमी नका देऊ. तुमी खोटं बोलला न्हाई. सौदा झाला, झाला." मग माझ्याकडे वळला. "मिस्त्री, तुमचे शाफ्ट कुठं करता?"

"इथेच. नारायणगावला, एकाकडे."

"कसा करतो?"

"बरा करतो. वेळेवर देत नाही."

"शेठ, मंगळवारी मशीन देताल?"

"तुमचीच आहे," शेठ म्हणाले.

"मंगळवारी मी एष्टीनं येईन. मिस्त्रीनी शाफ्ट हितं आनायचे. भाव मी सांगीन. त्यांनी निस्तं 'बरं' म्हनायचं. दुसरा शबुद न्हाई. जमंल?"

मी किती दिवस, असं विचारणार होतो. तोही घासाघिशीचाच प्रकार आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी मान हलवली.

पुढच्या मंगळवारी मी रोटाव्हेटरचा एक शाफ्ट घेऊन गेलो. काहीही काम नसताना ट्रॅक्टरवाला आळेफाट्याहून आला होता. शेठने दुकानात नोकर बसवून मागच्या खोलीत खुर्ची टाकली होती. म्हाताऱ्याने शाफ्ट बांधला, चष्मा न लावता हत्यार टेकवलं आणि मशीन चालू केलं. पहिला काप घेताना त्याचा डावा हात हेडस्टॉकवर होता. तो तिथे बराच वेळ होता. मग त्याने तो काढून घेतला आणि पुढचे काप नुसत्या सवयीने घेतले, शेठशी आटे पाडण्याबद्दल बोलत बोलत. अर्ध्या तासात शाफ्ट झाला. त्याने तो पुसून माझ्या हातात दिला, सोबत मायक्रोमीटर दिलं, आणि भाव सांगितला.

नारायणगावच्या टर्नरपेक्षा जास्त होता. फार नाही. इतकाच जास्त की मी दोन मिनिटांत उतरवला असता. मी शाफ्ट उजेडात धरला. तीन ठिकाणी मोजला. नख फिरवलं. बेअरिंगची जागा बघितली, खाच बघितली, दुसऱ्या टोकाकडून बघितला. मी इतका वेळ बघत होतो की शेठने घसा खाकरला. ट्रॅक्टरवाल्याने मोबाईल काढून माझ्या तोंडासमोर धरला होता, रेकॉर्डिंग चालू होतं.

"बरं," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हना," म्हातारा म्हणाला. "मशीनच्या आवाजात शेठला ऐकू गेलं न्हाई."

मशीन केव्हाच बंद झालं होतं. मी पुन्हा म्हणालो.